माझी सवत, निळी फाइल

मित्रांनो, मी एक जुनी इस्त्री आहे. वजन साडेपाच किलो, मूठ लाकडाची आणि स्वभाव मत्सरी. आपली गोष्ट सांगणाऱ्या जुन्या वस्तू बहुधा सोशिक असतात. त्या झिजतात, गंजतात, पण कुणाबद्दल वाईट बोलत नाहीत. मी तशी नाही. मला एका फाइलचा हेवा वाटला आणि त्या हेव्यापायी मी मनात जे आणलं, ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. ऐकून माझा राग आला तरी चालेल, पण मध्येच उठून जाऊ नका.

माझा जन्म एका ओतकाम कारखान्यात झाला. माझा तळ घासणारा कामगार मोठा हौशी होता. त्याने तो इतका चकचकीत केला की जेवणाच्या सुट्टीत तो त्यात बघून मिशीला पीळ द्यायचा. पुढे माझ्या पोटात कॉइल बसवली, मागे कापडी वेष्टणाची वायर जोडली आणि मला खोक्यात घातलं. उष्णता कमीजास्त करायची चकती मला नाही. तेव्हा ती नसायचीच. चालू केलं की मी तापते, बंद केलं की सावकाश निवते आणि मधलं सगळं वापरणाऱ्याच्या अकलेवर. त्यामुळे मला वापरणं हे कुणाही सोम्यागोम्याचं काम नाही.

मला विकत घेतलं एका लाँड्रीच्या मालकीणबाईंनी. दुकान कोपऱ्यावर होतं. पुढच्या खोलीत काउंटर आणि माझं टेबल, मागच्या खोलीत धुलाईची यंत्रं आणि वाळत घालायच्या तारा. मागच्या खोलीचं सगळं त्यांचा मुलगा बघायचा. तो फार कमी बोलायचा, आणि यंत्रांच्या घरघरीत तेवढंही ऐकू यायचं नाही. मालकीणबाई काउंटरवर बसून खुणा करायच्या. खूण म्हणजे बोटभर लांबीची पांढरी कापडी पट्टी. तिच्यावर न जाणाऱ्या शाईने नंबर लिहायचा आणि दोऱ्याने ती कपड्याच्या काजाला बांधायची. कपडा कितीही वेळा धुवा, नंबर जात नाही. त्यांचा नियम एकच होता. दुकानात आलेल्या वस्तूला आधी खूण, मग बाकीचं सगळं. एकदा एका गिऱ्हाइकाने बोलता बोलता हातातली छत्री काउंटरवर ठेवली, तर बोलणं संपेपर्यंत छत्रीला नंबर पडला होता.

पंधरा वर्षांपूर्वी त्या मुलाचं लग्न झालं आणि सून घरात आली. तेव्हापासून मालकीणबाई माझ्याही सासूबाई झाल्या, कारण मी सुनेच्या हातात गेले ती तिचीच झाले. तिने केलेली शर्टाची घडी अशी असे की चारही कडा एकमेकींवर बिनचूक बसत. लोक तिला घडीताई म्हणू लागले. तिचं खरं नाव हळूहळू रेशनकार्डापुरतं उरलं.

घडीताईची एक सवय होती. कपड्याला लावण्याआधी ती मला उचलून गालाजवळ आणायची. गाल आणि माझा तळ यांत दोन बोटांचं अंतर. डोळे अर्धवट मिटलेले. रेशमाला किती ताप हवा, सुती चादरीला किती, हे तिला गालाने कळायचं. मित्रांनो, ते दोन क्षण माझे होते. तिच्या नवऱ्यालाही ती दिवसातून चाळीस वेळा गालाजवळ आणत नव्हती. मी जात होते म्हणा, म्हणजे तीच मला आणत होती, पण गर्व मलाच होता.

काम करताना ती माझ्याशी बोलायची. अमक्याच्या पॅंटची कंबर वाढली, तमकीने सुनेची साडी आपली म्हणून नेली, असं बारीकसारीक. कधी सुस्कारा टाकून म्हणायची, "रसायनशास्त्र घेतलं होतं मी. दोन वर्षं झाली होती. एकच राहिलं होतं." तिच्या वडिलांना अर्धांगवायू झाला, ती कॉलेज सोडून एका दुकानात कामाला लागली आणि मग कॉलेज राहिलं ते राहिलंच. मी हे शेकडो वेळा ऐकलं होतं. मला ते दुःख आवडायचं, खरं सांगते. कारण ती ते फक्त मला सांगायची.

आमच्या सुखाला दृष्ट लागली ती एका कोटाच्या खिशातून.

कोट होता कॉलेजच्या ग्रंथपाल बाईंचा. खिशात घडी घातलेला एक कागद निघाला. खिशात सापडलेलं परत करायचं, हा दुकानाचा नियम. पण परत करण्याआधी घडीताईने तो उघडला, आणि त्याच वेळी मी तिच्या दुसऱ्या हातात असूनही ती मला विसरली. शिक्षण अर्धवट सुटलेल्या प्रौढांनी पुन्हा कॉलेजात यावं म्हणून सरकार मदत देणार होतं. वय पंचवीसच्या पुढे हवं, घरचं उत्पन्न बेताचं हवं. फी सरकार भरणार, पुस्तकांसाठीही काही देणार. अर्धवेळ शिकलं तरी चालेल, पण दर वर्षी पास व्हायला हवं आणि दर वर्षी नव्याने अर्ज करायला हवा.

संध्याकाळी ग्रंथपाल बाई कोट न्यायला आल्या. घडीताईने कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "खिशात होता. मी वाचला, रागवू नका."

"रागवायचं काय? वाटायलाच तर छापलेत. तुमच्या ओळखीत कुणी आहे का असं?"

घडीताई कोटाची बाही सारखी करत राहिली. मग म्हणाली, "आहे एक. पण तिचं वय अडतीस आहे."

ग्रंथपाल बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि कागद परत तिच्याकडे सरकवला. "मग तिला सांगा, आमच्याकडे एक बावन्न वर्षांचे गृहस्थ पहिल्या बाकावर बसतात. आणि पेनही दुसऱ्याचं मागतात."

दुसऱ्याच दिवशी ती आली. निळी. प्लॅस्टिकची. दोन बटणांची, हलकी, पोकळ, पोटात स्वतःचं असं काही नसलेली फाइल! घडीताई तिला हात लावण्याआधी साबणाने हात धुवायची. मला ती चौदा वर्षं घामट हातांनी धरत होती आणि मी त्याला प्रेम समजत होते. बाहेर निघाली की फाइल छातीशी. दुकानात असली की फाइल माझ्या टेबलावर, माझ्या स्टँडच्या शेजारी. रोज ती माझ्या डोळ्यांसमोर चमकायची आणि माझ्या पोटात दुखायचं.

घडीताईचं माझ्याशी बोलणं बंद झालं. इस्त्री फिरवता फिरवता ती आता मूलद्रव्यांची नावं पाठ म्हणायची. जुनी गुणपत्रिका माहेरच्या ट्रंकेतून आली, उत्पन्नाचा दाखला आला, कॉलेजचं पत्र आलं, आणि फाइलचं पोट फुगत गेलं. एके दिवशी नावं आठवण्याच्या नादात घडीताई मला एका शर्टावर तशीच ठेवून विसरली. कॉलर करपली. चौदा वर्षांतली पहिली करपलेली कॉलर! सासूबाई धावत आल्या, शर्ट नाकाला लावला आणि म्हणाल्या, "या इस्त्रीचं आता वय झालं." चूक कुणाची आणि नाव कुणाचं! त्या दिवशी मी फाइलला जे शाप दिले ते मुलांसमोर सांगण्यासारखे नाहीत.

सासूबाईंनाही हे प्रकरण पसंत नव्हतं. "या वयात दप्तर घेऊन जाणार? आणि दुकान कुणाच्या भरवशावर?" असं त्या रोज एकदा तरी म्हणायच्या. मला वाटलं, चला, या घरात माझ्या बाजूचं एक माणूस तरी आहे.

अर्ज भरून घडीताई सरकारी कचेरीतून परत आली, तेव्हा तिच्या हातात एक चिटोरं होतं. यंत्रातून निघालेली गुळगुळीत पावती, तिच्यावर बारा आकडी अर्ज क्रमांक. पुढच्या महिन्यात ठरलेल्या तारखेला कागदपत्रं तपासायची होती. त्या दिवशी ही पावती दाखवायची, क्रमांक यंत्रात घालायचा, मगच अर्ज उघडणार. एकाच नावाच्या दहा-दहा बाया असतात, म्हणून नावावरून शोधत नाहीत, असं तिला खिडकीवर सांगितलं होतं. तारीख चुकली की यंदाचं वर्ष गेलं.

तिने पावती फाइलमध्ये ठेवली आणि ती मागे तारांवरचे कपडे काढायला गेली. सासूबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, फाइल ओढली, चष्मा लावला. मला वाटलं, आता फाडणार! पण त्यांनी पट्टी घेतली, तिच्यावर शाईने काहीतरी लिहिलं आणि फाइलच्या आतल्या बाजूला, मागच्या भोकात दोऱ्याने बांधून टाकली. म्हणजे त्या पोकळ बाईला दुकानात खूणसुद्धा मिळाली. मला इतक्या वर्षांत कधी खूण मिळाली नव्हती. माझा नुसता जळफळाट झाला.

तपासणीच्या आदल्या दिवशी सासूबाई लेकीकडे मुक्कामाला गेल्या होत्या. दुपारी कुणीतरी ओल्या पडद्यांचं बोचकं आणून घाईघाईने माझ्या टेबलावर टाकलं, ते नेमकं फाइलवर. घडीताईने ते उचलेपर्यंत पाणी आत गेलं होतं. तिने कागद एकेक करून बाहेर काढले. शाई पसरली नव्हती, पण सगळे दमट होऊन लाटांसारखे वळले होते.

दुसऱ्या कुणी ते पंख्याखाली वाळवले असते. पण घडीताईच्या हातून आजवर सुरकुतलेली वस्तू दुकानाबाहेर गेली नव्हती. तिने मला बंद केलं, निवू दिलं, पाण्याचा शिंतोडा मारून पाहिला. मग गालाजवळ आणलं. किती दिवसांनी! मी रेशमाला लागते तेवढीच ऊन होते. तिने कागदांवर मलमल पसरली आणि मला अलगद फिरवलं. गुणपत्रिका सरळ झाली. उत्पन्नाचा दाखला नवा कोरा दिसू लागला. कॉलेजच्या पत्राची घडी मोडली. मग तिने पावती ठेवली.

मलमल उचलली तेव्हा पावती काळी झाली होती. करपली नव्हती, फाटली नव्हती, नुसती काळी. आकडा नाही, अक्षर नाही, तव्याच्या पाठीसारखी काळी.

मित्रांनो, आता ते सांगते. मला आनंद झाला. इतका की निवत असतानाही मला ताप चढल्यासारखं वाटलं. संपली फाइल, संपलं कॉलेज, आता घडीताई पुन्हा माझी!

ती रडली नाही. तिने पावती उजेडाला धरली, तिरपी करून पाहिली, उलटी करून पाहिली. मग तिची चार पदरी घडी घातली, कडेला कड बिनचूक बसवून, आणि फाइलमध्ये सारली. दुपारचं उरलेलं काम तिने पुरं केलं. मूलद्रव्यं नाहीत, गिऱ्हाइकांच्या गमती नाहीत, सुस्कारासुद्धा नाही. आणि एकदाही तिने मला गालाजवळ आणलं नाही. शिंतोडा मारायची आणि लावायची, बस. मला ती परत मिळाली होती आणि मला तिच्याजवळ राहवेना.

आणखी एक कबुली राहिली. माझ्या शेजारीच ती फाइल होती आणि तिच्या आत ती पट्टी होती. सासूबाईंनी तिच्यावर काय लिहिलं ते मी पाहिलं होतं. रोजच्या खुणेचा आकडा दोन-तीन अंकी असतो. हा बारा अंकी होता. घडीताईच्या डोळ्यांखालून ती पट्टी गेलीही असेल, पण जिच्या अवतीभवती दिवसभर शंभर पट्ट्या लोंबतात तिला एकशे एकावी कशी दिसावी? काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला ठाऊक होतं, आणि मला तोंड नव्हतं. पण तोंड असतं तरी त्या दुपारी मी ते उघडलं नसतं. संध्याकाळी कदाचित उघडलं असतं. नक्की सांगता येत नाही.

सकाळी साडेदहाला सासूबाई परत आल्या. घडीताई पडद्यांना इस्त्री करत होती.

"अगं, आज तुझी तारीख ना? अकरा ते दोन म्हणत होतीस."

"नाही जात."

"का? बरं नाही का?"

"पावती काळी पडली, आई. मीच इस्त्री फिरवली तिच्यावर."

सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली. "कागदाला इस्त्री? तुला काय म्हणावं बाई!"

"बोला हवं ते. तुम्हाला नकोच होतं ना मी गेलेलं? नाही जात. संपलं."

"मला नको होतं, अजूनही नकोय," सासूबाई म्हणाल्या. "सकाळच्या गर्दीला मी एकटी कशी पुरी पडणार, ते मलाच माहीत. पण म्हणून काय दुकानात आलेल्या वस्तूला मी खूण करणार नाही? फाइल आण इकडे."

"कसली खूण?"

"आण म्हटलं ना!"

त्यांनी फाइल उघडली, मागच्या भोकातली पट्टी ओढून पुढे केली. घडीताईने आकडे मोजले. एकदा, मग बोट ठेवून पुन्हा एकदा. बारा.

"कागदाचा काय भरवसा?" सासूबाई म्हणाल्या. "कापडावर लिहिलेलं धुतलं तरी जात नाही. आता बघत काय बसलीस? साडी बदल. आणि तो पडदा ठेव, मी करते."

"तुम्हाला इस्त्री जड होते."

"तू यायच्या आधी काय शेजारीण करत होती? नीघ!"

घडीताई दारापर्यंत गेली, परत आली, आणि सासूबाईंच्या खांद्यावर क्षणभर कपाळ टेकवून पळाली. पडदा सासूबाईंनी केला. मला त्या दोन्ही हातांनी ढकलत होत्या आणि घडी वाकडी झाली. त्या घडीबद्दल मी कधीच तक्रार केली नाही.

अडीच वाजता घडीताई आली ती बोलतच. खिडकीवरच्या माणसाने पट्टी चिमटीत धरून विचारलं होतं, "हे काय?" ती म्हणाली, "अर्ज क्रमांक." तो म्हणाला, "कापडावर?" ती म्हणाली, "आमच्याकडे असाच असतो." त्याने मान हलवत आकडे टाकले आणि यंत्राच्या पडद्यावर तिचं नाव आलं. खरं नाव, रेशनकार्डावरचं. पाठीमागे रांगेत एक रखवालदार उभा होता, तोही कॉलेजात परत जाणारा. त्याने विचारलं म्हणे, "बाई, ही पट्टी कुठे करून मिळते?" सासूबाईंनी हे तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

दीड महिन्याने मंजुरीचं पत्र आलं. घडीताई सकाळी कॉलेजात आणि दुपारपासून दुकानात राबू लागली. आणि माझं नशीब बघा. त्याच सुमारास माझी कॉइल जळाली. दुरुस्तीवाल्याने मला उलटं केलं, आत डोकावला आणि म्हणाला, "हिची कॉइल आता मिळत नाही." नवी वाफेची इस्त्री आली. पाच आकड्यांची चकती असलेली, पिसासारखी हलकी. तिला कुणी गालाजवळ आणत नाही, एवढंच समाधान. मला साबणाच्या खोक्यांशेजारी फळीवर टाकलं. सात महिने मी तिथे होते. माझ्या तळावर, जिथे एकेकाळी मिशा दिसायच्या, तिथे गंजाचे ठिपके आले.

एका दुपारी घडीताई टेबलाच्या कोपऱ्यावर वह्या मांडून बसली होती आणि पंख्याने तिचे कागद उडत होते. एक पकडला की दुसरा पळे. सासूबाई वैतागून उठल्या. "एवढं लोखंड फुकट का बसलंय?" म्हणत त्यांनी मला फळीवरून उतरवलं, तळ तेलाने पुसला आणि मला कागदांवर ठेवलं. मग त्या थबकल्या. नव्याने कामाला आलेली वस्तू. त्यांनी पट्टी घेतली, शाईने लिहिलं आणि माझ्या मुठीला बांधली. आकडा होता एक.

आता मी तिच्या कागदांवर बसते. ती मोठ्याने वाचते आणि मी ऐकते. एकदा तिने वाचलं की अशा पावतीच्या कागदावर एक लेप असतो, तो उष्णतेनेच काळा होतो आणि छपाईसुद्धा त्यावरच चालते. वाचून ती स्वतःशीच हसली आणि माझ्या मुठीवर टिचकी मारली. म्हणजे दोष माझा नव्हता, तो कागदाचा गुण होता. पण आनंद मात्र माझाच होता, तो कोणत्याही लेपावर ढकलता येत नाही.

तुमच्याही घरात एखादं मोठं माणूस काम करता करता म्हणत असेल, "एकच वर्ष राहिलं होतं माझं." तो सुस्कारा माझ्यासारखा स्वतःपुरता ठेवून घेऊ नका. सरकारची अशी काही मदत आहे का, ते त्यांना विचारायला लावा. त्यांचे कागद जपा, त्यांच्या पावतीचा क्रमांक दुसरीकडे कुठेतरी लिहून ठेवा. आणि त्यांच्या नव्या वस्तूचा हेवा वाटलाच तर वाटू द्या, पण पट्टी कुठे आहे ते ठाऊक असेल तर सांगा. तुम्हाला तोंड आहे.

घडीताई गेल्या आठवड्यात परीक्षेला बसून आली. प्रयोगाच्या दोन विषयांसाठी आणखी एक वर्ष काढावं लागणार आहे, म्हणून तिने काल मदतीचा दुसरा अर्ज भरला. नवी पावती घेऊन आली, तीच गुळगुळीत जात. सासूबाईंनी आधी पट्टी केली. फाइल तिथेच होती, उघडी, वाट बघत. पण तिचं एक बटण आता तुटलं आहे. घडीताईने फाइलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिने मला दोन्ही हातांनी उचललं आणि जुन्या सवयीने गालाजवळ आणलं. या वेळी दोन बोटांचं अंतर ठेवलं नाही. मी गार होते.

मग तिने पावती टेबलावर सरळ केली आणि मला तिच्यावर ठेवलं.